प्रार्थनेला अरफाचा नंबर

सावेडी, नगर
५ जुलै २०२५

ति. दादांस,
सलोमीचा प्रभूमध्ये सलाम, वि. वि.

फोनचा नाद मी सोडला आहे. परवा मी शाळेबद्दल सांगत होते आणि तुम्ही मला बेलापुरात वीज कधी गेली ते सांगत होतात. मी आवाज चढवला तर शेजारच्या बाई काय झालं म्हणून दारात आल्या. कानाचं मशीन कपाटात आणि तुम्ही पलंगावर, असं जोवर चाललंय तोवर आपलं पत्रच बरं. निदान तुम्हाला मधेच दुसरं काही बोलता येत नाही.

आता मुद्द्याचं. तुम्ही करुणाद्वार शाळा काढलीत तेव्हा घालून दिलेला नेम मागच्या आठवड्यापर्यंत चालू होता. रोज परिपाठाला एका मुलाचा नंबर. मूल आपल्या मंडळीतलं असो, मराठ्याचं असो, बौद्ध असो की मुसलमान, त्याने पुढे यायचं, डोळे मिटायचे आणि देवाला जे सांगायचं ते आपल्या शब्दांत सांगायचं. ज्याला काहीच सांगायचं नसेल त्याने थोडा वेळ गप्प उभं राहून जागेवर जायचं. बहुतेक जण गणिताचा पेपर सोपा मागतात. पण दिवसभराच्या कटकटीत तेवढीच पाच मिनिटं मला शाळा आपली वाटते.

सोमवारी सहावीतल्या अरफाचा नंबर होता. तिचे वडील शमशेरभाई टेम्पो-रिक्षांची सीटकव्हरं शिवतात. पोर अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. ती म्हणाली की, देवा, माझ्या दादीच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, पट्टी निघाली की तिला आधी मी दिसू दे, धाकटा भाऊ राहील नको, कारण राहील लहान आहे आणि त्याला काही कळत नाही. मग म्हणाली, बस, एवढंच. दादा, मी जन्मभर प्रार्थना ऐकत आले, तुमच्यासुद्धा. एवढंच म्हणून खरोखर थांबणारं माणूस मला पहिल्यांदा भेटलं.

मी हसू दाबत ऑफिसात गेले, कारण फोन वाजत होता. तेवढ्यात मागे घोटाळा झाला. आपली नवी मोनिका टीचर, पोरगी चांगली आहे, पण मंडळीत वाढलेली. 'येशूच्या नावात मागते, आमेन' म्हटल्याशिवाय प्रार्थना संपते हेच तिला ठाऊक नाही. तिने अरफाला साऱ्या शाळेसमोर परत बोलावलं आणि पहिल्यापासून नीट म्हणायला लावलं. पोरीने पुन्हा दादी सांगितली, पुन्हा राहील सांगितला, पण या वेळी सगळी मुलं हसली. शेवट तिने मोनिकामागून एकेक शब्द म्हणून पुरा केला आणि रडत जागेवर गेली.

दुसऱ्या दिवशी शमशेरभाई आले. मला वाटलं, मुसलमानाच्या लेकीला येशूचं नाव घ्यायला लावलं म्हणून भांडतील. ते तसलं काही बोललेच नाहीत. म्हणाले, मॅडम, पोरीनं एकदा मागितलं हुतं, मग परत कशाला मागाय लावलं, देवाला काय कमी ऐकू येतं का? मला तुमची आठवण झाली, पण ते असो.

मी माफी मागितली आणि विषय मिटला असता. पण आपले सचिव, म्हणजे तुमचे चिरंजीव नथनिएल, यांच्या कानावर गेलं. त्यांनी तोडगा काढला की, भानगडच नको, यापुढे प्रार्थना फक्त ख्रिस्ती मुलांनी करायची, बाकीच्यांनी शांत उभं राहायचं. ऑगस्टअखेर विश्वस्तांच्या सभेत तसा ठराव येणार आहे, तोवर नंबर बंद. दादा, शाळा तुमची, नेम तुमचा, मुलगाही तुमचाच. त्याला दोन ओळी लिहा. माझं तो ऐकत नाही, मी नुसती मुख्याध्यापिका आणि वर आत्या.

वहिनींना सलाम. तुमची माया आहे तशीच ठेवा.
सलोमी

---

बेलापूर
१२ जुलै २०२५

चि. सलोमीस,
शांतवनदादाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. त्यात तीन पाने राग आणि एक ओळ खुशाली होती, त्यावरून प्रकृती ठणठणीत असल्याचे समजले. आम्हीही प्रभूच्या दयेने बरे आहोत. कानाचे मशीन शिट्टी मारते, म्हणून कपाटात ठेवले आहे. चर्चमध्ये नवे पाळक फार लांब बोलतात असे तुझी वहिनी म्हणते. मला तो त्रास नाही.

लेकराचे वाचून वाईट वाटले. मोनिकाला रागावू नकोस, जवळ बसवून समजाव. पण नाथाचे सगळेच चुकले असे मला म्हणवत नाही. आपण शाळा काढली ती नुसते पाढे आणि टाय शिकवायला नव्हे. तशा शाळा सावेडीत गल्लोगल्ली आहेत. आपल्या दारावर करुणेचे नाव लिहिले आहे, तर ती करुणा कोणाची हे कधीतरी उच्चारले पाहिजे की नाही? दुसऱ्यांच्या मुलांना आपल्या रीतीची प्रार्थना करायला लावणे बरे नाही, असे नाथा म्हणत असेल, तर त्यातही एक प्रकारचा आदर आहे. याही बाजूने विचार कर.

मी त्याला काही लिहिलेले नाही. बापाने लिहिले की मुलाला हुकूम वाटतो. तू सबुरीने घे. सभेला अजून अवकाश आहे.

प्रभू तुला धीर देवो. पत्र टाकत जा.
तुझा दादा

---

सावेडी
२० जुलै २०२५

ति. दादांस सलाम, वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी आधी भांडी घासली. रिकाम्या हातांनी उत्तर लिहिलं असतं तर भलतंच लिहिलं गेलं असतं.

सबुरी! दादा, तुम्ही एका हाताने याला थोपटता, दुसऱ्या हाताने त्याला, आणि दोघांनाही झोप येत नाही. पाळक म्हणून जन्म गेला तुमचा, पण घरातल्या माणसांपुढे 'याही बाजूने विचार कर' याच्या पुढे गाडी जात नाही.

नाथाचा आदर कसा दिसतो ते ऐका. सभेआधी बघू तर खरं म्हणून त्याने फक्त आपल्या मुलांचे नंबर सुरू केले. आता आपली मुलं शाळेत किती आहेत? तीच चार डोकी फिरून फिरून पुढे येतात. सातवीतला पंकज घरी जेवणाआधी वडील म्हणतात तीच प्रार्थना म्हणतो आणि सकाळी साडेसातला ताटातल्या अन्नाबद्दल आभार मानतो. आठवीतली रुपाली तोंडातल्या तोंडात बोलते, आमेन तेवढं ऐकू येतं. बाकीची मुलं एका डोळ्याने शेजाऱ्याला चिमटे काढतात. पूर्वी काढत नव्हती असं नाही, पण तेव्हा पुढच्या आठवड्यात आपलाही नंबर आहे ही धास्ती असायची.

पालकांचं तर विचारूच नका. मला वाटलं, कोणीतरी येईल, आमच्या मुलांचे नंबर का काढले म्हणून विचारील. एकही आलं नाही. दोघी जणी उलट बरं झालं म्हणून गेल्या. प्रवेशाच्या वेळी हेच लोक सांगतात की मिशनऱ्यांची शाळा म्हणून आलो, इथे वळण लागतं. त्यांना येशू नको, येशूची शिस्त हवी. आणि आपल्या लोकांना येशू हवा, पण त्याच्याशी दुसऱ्या कोणी बोललेलं चालत नाही. मधल्या मधे मी. शिंपल्यासारखं तोंड मिटून बसायचं आणि वरून पगारवाढीच्या सभेत हसायचं.

अरफाच्या दादीची पट्टी निघाली, विचारलंत नाही तरी सांगते. तिला आधी नर्स दिसली. अरफाने मला ते जिन्यात गंभीरपणे सांगितलं. पण आता ती परिपाठाला मागच्या रांगेत उभी राहते.

आता शेवटचं. तो नेम कसा पडला ते तुम्ही विसरला असाल, मी नाही. पहिल्या वर्षी शाळेत ख्रिस्ती मूल एकच होतं, आपला नाथा, कारण आपल्याच मंडळीच्या लोकांनी आपली मुलं मोठ्या कॉन्व्हेंटात घातली होती. रोज प्रार्थनेला त्यालाच उभं करायचात. पाळकाचा मुलगा, त्याला आलंच पाहिजे, असं म्हणायचात. आणि तो पुढे आला की त्याची वाचाच बसायची. एकदा तर उभ्या उभ्या चड्डी ओली झाली. म्हणून वहिनींनी तुमच्यामागे लकडा लावला आणि सगळ्या मुलांचे नंबर सुरू झाले. हे मी त्याला सांगणार आहे. ज्या नेमाने तो सुटला, तोच मोडायला निघालाय.

राग मानू नका. मानलात तरी पत्र लिहा.
सलोमी

---

बेलापूर
२८ जुलै २०२५

चि. सलोमीस अनेक आशीर्वाद.

हे नाथाला मुळीच सांगू नकोस, ही माझी ताकीद समज. तो तीस ओलांडलेला गृहस्थ आहे, सुप्याच्या कारखान्यात त्याच्या हाताखाली माणसे आहेत. सहा वर्षांच्या पोराची फजिती त्याच्यापुढे मांडून ठराव पडत नसतात, घरे पडतात.

मी विसरलो होतो असे नाही. पण मी ते मनात नेहमी वेगळ्या तऱ्हेने ठेवले होते. आपण सर्व जातींच्या लेकरांना देवापुढे सारखे उभे केले, असेच मी लोकांना सांगत आलो आणि तेही खोटे नाही.

सभेला यायचे की नाही ते प्रवरेचे पाणी आणि गुडघे पाहून ठरवीन.

तुझ्यावरचा लोभ रागानेही कमी होत नाही.
दादा

सलोमीताई, खाली मी रूथ लिहितेय. हे बाहेर चपला घालायला गेलेत. यांची ताकीद यांच्यापाशी. तुम्ही सांगा त्याला. आईने सांगितलं तर पोरगा लाजतो, आत्याने सांगितलं तर भांडतो. भांडू दे. लहानपणी तो गप्प बसायचा तेच मला लई वाईट वाटायचं. आणि हो, शिंपल्याचं तोंड उघडतं हो, गरम पाण्यात टाकलं की. डब्यात कुरडया पाठवल्यात, डबा परत पाठवा. तुमची वहिनी.

---

सावेडी
६ ऑगस्ट २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम सलाम.

दोन गल्ल्या सोडून राहतो आणि पत्र लिहितोय याचं तुला हसू येईल. पण रविवारी तू जे सांगितलंस त्यावर मी समोरासमोर बोललो तर आपण दोघंही ओरडू आणि मग सोमवारी शाळेत एकमेकांना 'मॅडम' आणि 'सर' म्हणत फिरू. म्हणून हे. संस्थेच्या लेटरहेडवर लिहिलं नाही, हे लक्षात घे.

मला ते आठवतं. चड्डीसुद्धा आठवते. तुला वाटलं मी ऐकून विरघळेन. आत्या, त्या नंबरांनी मी सुटलो हे खरं, पण कायमचाच सुटलो. दहावीपर्यंत माझा नंबर आला की मी गप्प उभा राहून जागेवर जायचो, कारण तशी सूट होती, आणि कोणी मला काही म्हणायचं नाही. सगळ्यांच्या प्रार्थना मी ऐकल्या. साखरेच्या, क्रिकेटच्या, मामाच्या लग्नाच्या. माझी एकही नव्हती. पपा पाळक, आजोबा पाळक, आणि मला घरच्या जेवणावरसुद्धा चार शब्द मोठ्याने बोलता येत नव्हते. पुण्यात नोकरीला असताना तिथल्या तरुण संघात मला एकाने धरून बसवलं आणि ओळीने शब्द दिले. आधी हे म्हण, मग हे, शेवटी येशूच्या नावात. ते शब्द नसते तर मी आजही गप्प असतो. तुम्ही ज्याला सूट म्हणता त्याला मी टाकून देणं म्हणतो.

म्हणून आपल्या मुलांचे नंबर रोज यावेत असं मला वाटतं. पंकज चुकीच्या वेळी जेवणाची प्रार्थना करतो, तर करू दे. निदान तोंड उघडतो. आणि अरफासारख्या मुलीला आमच्या रीतीत ओढून रडवण्यापेक्षा बाहेर ठेवणं बरं. यात तुला माझा कडवेपणा दिसतो, मला काळजी दिसते.

मम्मीने तुला सांगायला सांगितलं हे मला माहीत आहे. तिचं अक्षर तुझ्या टेबलावर दिसलं. कुरडया छान होत्या.

तुझाच, रागावलेला,
नाथा

---

सावेडी
१४ ऑगस्ट २०२५

ति. दादांस सलाम, वि. वि.

सांगितलं. वहिनींवर रागावू नका, मी नाहीतरी सांगणारच होते. नाथाने पत्र लिहिलं, ते तुम्हाला पाठवत नाही, त्याचं आहे. एवढंच सांगते की त्याचं म्हणणं मला चूक ठरवता येत नाही आणि मान्यही करता येत नाही. रात्रभर वळून वळून पाठ दुखली.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की बसली. त्याला शब्द कमी पडले म्हणून तो गप्प राहिला. अरफाला शब्द कमी पडले नव्हते. तिचे स्वतःचे होते, चांगले नऊवारी लुगड्यासारखे भरपूर होते, आणि आपण ते चुकीचे ठरवले. ते मूल पुन्हा एकदा पुढे येऊन तसंच बोललं पाहिजे. त्याखेरीज मला काही नको. ठराव झाला तर मी दिवाळीनंतर राजीनामा देणार, आणि हे मी रागात लिहीत नाही, भांडी घासून झाल्यावर लिहितेय.

सभा ३० तारखेला आहे. मताला तुम्ही हवे आहात. प्रवरेला पाणी येवो नाहीतर न येवो. कानाचं मशीन घेऊन या.

माया राहू द्या.
सलोमी

---

सावेडी
३१ ऑगस्ट २०२५

सौ. रूथवहिनींस,
सलाम, वि. वि.

दादा आज दुपारच्या गाडीने निघतायत, हे पत्र त्यांच्याच पिशवीत घालतेय. त्यांना विचारलंत तर ते सभा छान झाली म्हणतील. त्यांनी त्यातलं काही ऐकलेलं नाही, कारण मशीन ते बेलापुरातच विसरले. म्हणून सगळं मी लिहिते.

आपली सभा प्रार्थनेने सुरू होते, हे तुम्हाला माहीतच आहे. सगळ्यांत वडील म्हणून दादांना सुरुवात करायला सांगितलं. बाहेर गणपतीचे ढोल, आत आम्ही डोळे मिटून. दादा उभे राहिले आणि वहिनी, ते थांबेचनात! आधी शाळेबद्दल उपकार मानले. मग प्रभू, तू जाणतोस, करत करत सगळं बाहेर काढलं. म्हणाले, प्रभू, तू जाणतोस की मी माझ्या लेकराला त्याचे शब्द शोधायला वेळ दिला नाही. प्रभू, तू जाणतोस की त्याची वाचा बसली तेव्हा मी लोकांना काय वाटेल ते पाहिलं. आणि आता त्याने दुसऱ्याच्या लेकराला गप्प बसवू नये अशी त्याला बुद्धी दे. नाथाचं तोंड लाल झालं असणार, डोळे मिटलेले म्हणून दिसलं नाही. प्रार्थनेत कोणाला बोलताही येत नाही. आपल्या लोकांना एकमेकांना सुनवायचं असलं की देवाच्या तोंडावर सुनवतात, ही काही आजची रीत नाही.

दादा खाली बसायच्या आत नाथाने आपली सुरू केली. प्रभू, माझे वडील म्हणतात ते खरं आहे, पण प्रभू, त्यांना हेही समजू दे की ज्यांना तुझं नावच माहीत नाही त्यांच्याकडून ते घेववणं हाही जुलूम आहे. मग माझ्याच्याने राहवलं नाही. प्रभू, या सचिवांना आठव दे की मोनिका टीचरने जे केलं ते नंबरांमुळे झालं नाही, 'नीट म्हण' यामुळे झालं. मोनिका कोपऱ्यात टिपणं घ्यायला बसली होती, ती मुसमुसायला लागली. चहा समोर गार होत होता. शेवटी खजिनदार ओहोळकाकांनी एवढ्या जोरात आमेन म्हटलं की बाहेरचा शिपाई आत डोकावला.

तेव्हा ओहोळकाकांनीच लक्षात आणून दिलं. म्हणाले, पाळकसाहेबांनी एवढी प्रार्थना केली, पण शेवटी येशूच्या नावात म्हणायचं राहिलंच की. आणि खरंच! दादा भावनेच्या भरात नुसतं 'हेच सांगायचं होतं' म्हणून बसले होते. आम्ही सगळे नाथाकडे बघायला लागलो. म्हणजे आता साहेबांना उठवून पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायचं की काय? दादांना काही ऐकू येत नव्हतं, ते बिस्कीट खात होते. नाथाने ओठ चावून धरला होता. मग त्याला हसू फुटलं आणि त्या हसण्यात तो रडलाही, वहिनी. ठराव त्याने स्वतःच मागे घेतला.

ठरलं ते असं. नंबर पुन्हा सगळ्या मुलांचे. शेवट काय करायचा, गप्प राहायचं की बोलायचं, ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. कोणी कोणाला शिकवायचं नाही, अडवायचं नाही. आणि नाथा दर शनिवारी आपल्या मंडळीतल्या मुलांना घेऊन बसणार, त्यांना धीर यावा म्हणून. ते मलाही पटलं. जाताना त्याने मला स्कूटरवर घरी सोडलं. बोलला नाही, पण खड्डे चुकवले.

गणपती विसर्जनानंतर शाळा पुन्हा नीट सुरू झाली की दुसरा आठवडा सहावीचा. डबा सोबत आहे, आता तरी माझ्यावर डब्याचा आळ घेऊ नका.

तुमची माया माझ्या वाट्याची माझ्यासाठी ठेवा.
सलोमी

---

बेलापूर
८ सप्टेंबर २०२५

चि. सलोमीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीने पत्र मला दोनदा वाचून दाखवले आणि तिसऱ्यांदा शेजारणीला. मी काय विसरलो ते सर्व बेलापुराला कळले आहे. नव्या पाळकांनी उपासना संपल्यावर मला हळूच विचारले की आज आठवण आहे ना. मी त्यांना ऐकू आले नाही असे दाखवले.

नाथाचा फोन आला होता. मशीन लावून ऐकले. त्याने फोनवरच प्रार्थना केली, मला घाईघाईची वाटली, पण त्याची होती. एवढ्या वर्षांत मुलाची प्रार्थना मी पहिल्यांदा ऐकली, हे लिहिताना मला बरे वाटत नाही आणि फार बरेही वाटते.

आता त्या अरफाचा नंबर झाला की लगेच लिही. तिने या वेळी देवाकडे काय मागितले ते मला शब्दन् शब्द हवे आहे.

तू आमची आहेस, रागासकट.
दादा

---

सावेडी
२० सप्टेंबर २०२५

ति. दादांस सलाम, वि. वि.

काल अरफाचा नंबर झाला. तुम्हाला शब्दन् शब्द हवे होते, म्हणून लिहिते.

मी मोनिकाला आधीच मागच्या रांगेत पाठवलं होतं. नाथा कारखान्यात उशिरा जाण्याची परवानगी काढून आला होता. ओहोळकाका तर कोणी बोलावलं नसताना आले. अरफा पुढे आली. केसांना तेल, दोन्ही वेण्या वर बांधलेल्या, बूट पांढरे शुभ्र. हात जोडून तिने डोळे घट्ट मिटले.

ती म्हणाली की, हे आमच्या स्वर्गीय पित्या, आजच्या या सुंदर सकाळीबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या पूज्य शिक्षकांना दीर्घायुष्य दे. आमच्या संस्थेची भरभराट होवो. आमच्या हातून झालेल्या पापांची क्षमा कर आणि आम्हा लेकरांना सद्बुद्धी दे. हे सर्व तुझा एकुलता एक पुत्र प्रभू येशू ख्रिस्त याच्या नावात मागते, आमेन.

एकदाही अडखळली नाही. सगळ्या शाळेने आमेन म्हटलं. ओहोळकाकांनी डोळे पुसले. नाथा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला की, आत्या, बघ, कोणी सांगितलं नव्हतं, तिने आपणहून केलं. त्याला खरंच आनंद झाला होता. त्याचं काय चुकलं? आपणच ठरवलं होतं, ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

मी तिला मधल्या सुट्टीत ऑफिसात बोलावलं. छान झालं म्हटलं. मग विचारलं की तुला स्वतःला देवाला काही सांगायचं होतं का. ती म्हणाली, हो, दादीला चष्मा लागलाय आणि तो तिला आवडत नाही, ती तो गादीखाली लपवून ठेवते आणि अब्बू तिला ओरडतात. मी विचारलं की मग ते का नाही सांगितलंस. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही कळत नाही. म्हणाली, मॅडम, तशी प्रार्थना चुकते.

दादा, आपण ठराव पाडला, घर सांधलं, तुम्ही मन मोकळं केलंत, नाथा हसला, वहिनींनी शेजारणीला पत्र वाचून दाखवलं. आणि जिच्यासाठी हे सगळं केलं, तिच्यापाशी पोचायच्या आत ती आपल्याला हवी तशी होऊन बसली. कोणावर रागावू ते मला कळत नाही. मोनिकावर रागावावं तर ती बिचारी जुलैपासून अरफाशी बोललेलीसुद्धा नाही. स्वतःवर रागावून पाहिलं, त्यानेही काही झालं नाही. आज सकाळपासून शाळेत सगळे माझं अभिनंदन करतायत.

काल शाळा सुटताना गेटवर शमशेरभाई उभे होते, खास नवा शर्ट घालून. खुशीत होते. दुकानात सीटकव्हरं शिवून घ्यायला येणाऱ्या एका ख्रिस्ती रिक्षावाल्याकडून त्यांनी ती प्रार्थना लिहून घेतली होती. गेले दोन महिने रोज संध्याकाळी मशीन बंद करून पोरीकडून पाठ करून घेतली. चुकली की परत पहिल्यापासून. मला म्हणाले की, मॅडम, तवा लेकीला लई लागलं हुतं. आता तिची कवाच चूक व्हायची न्हाई.

मी त्यांना शाबास म्हणाले.

या वेळी सबुरी लिहू नका. काहीच सुचलं नाही तर कोरा कागद पाठवा, पण पाठवा.

तुमची,
सलोमी